प्रेम कुठल्या खात्यावर टाकायचं?

बँकेच्या नोकरीत कारकुनाला पहिल्याच आठवड्यात एक मोठं सत्य कळतं : पैसा हा नुसता पैसा कधीच नसतो, तो कुठल्यातरी खात्यावरचा पैसा असतो. समजा, दोन लाख रुपये आहेत. ते शेतीसाठी म्हणून नेले तर एक व्याज, घरासाठी नेले तर दुसरं, सोनं तारण ठेवून नेले तर तिसरं आणि 'वैयक्तिक' म्हणून नेले तर असं काही व्याज, की आपल्याला काही वैयक्तिक आहे याचीच माणसाला लाज वाटावी. नोटा त्याच. मोजायचं यंत्र तेच. यंत्रावर विश्वास न ठेवता पुन्हा हातानं मोजणारा मीही तोच. फरक फक्त अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात काय लिहिलंय याचा. गिऱ्हाइकं हे आमच्यापेक्षा चांगलं ओळखून असतात. म्हणून तर ठिबक सिंचनाच्या कर्जावर कितीतरी मुलींची लग्नं थाटात लागली आणि म्हशीच्या कर्जातून जन्माला आलेली मोटारसायकल खुद्द बँकेच्या दारात उभी राहते.

मराठी कादंबऱ्यांतलं प्रेम मी गेली तीस वर्षं वाचतो आहे आणि कॉमर्सच्या माणसाला जे दिसायचं तेच मला त्यात दिसतं. वाङ्मयाच्या बँकेत 'प्रेमकथा' हे वैयक्तिक कर्ज आहे. तारण नाही, जामीन नाही, व्याज सगळ्यांत जास्त आणि मॅनेजरची नजर पहिल्यापासून संशयी. तेव्हा शहाणा लेखक काय करतो? तो प्रेमच उचलतो, पण दुसऱ्या खात्यावर. ऐतिहासिक म्हणून उचलतो, पौराणिक म्हणून उचलतो, अगदीच अडचण असेल तर सामाजिक म्हणून उचलतो.

आमच्या थोरल्या काकांनी घरात प्रेमाच्या कादंबऱ्यांना बंदी घातली होती. 'असलं वाचून डोकी फिरतात' असं त्यांचं मत होतं. स्वतः काका फक्त इतिहास वाचत. म्हणजे रणजित देसाईंची 'स्वामी' वाचत. ही कादंबरी १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यामुळं ती उघड्यावर, पडवीत बसून, मोठ्या माणसांसमोर वाचता येत असे. काकांनी ती माझ्या देखत तीनदा वाचली. पानिपतानंतरची घडी, निजाम, हैदर, राघोबादादांची कारस्थानं यांतलं त्यांच्या डोक्यात काय उरलं होतं कुणास ठाऊक, पण माधवराव थेऊरला शेवटचे दिवस मोजू लागले आणि रमाबाई उशाशी बसल्या, की काका पुस्तक मिटून चष्मा पुसायला अंगणात जात. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "टाइप फार बारीक आहे रे." आमच्या घरातला प्रेमकथेचा सर्वांत निष्ठावंत वाचक आयुष्यभर इतिहासाच्या खात्यावर वाचत राहिला. खांडेकरांच्या 'ययाति'चंही तेच. ती १९५९ सालची, तिच्या लेखकाला पुढं १९७४चं ज्ञानपीठ. त्यात नवरा, बायको, दुसरी बाई आणि कधीच न भागणारी वासना आहे. पण माणसं महाभारतातली, त्यामुळं हे पुस्तक मुंजीतसुद्धा आहेर म्हणून दिलेलं मी पाहिलेलं आहे.

आता यातली खरी गंमत बघा. ज्या भाषेत आपण प्रेमाच्या कादंबरीला नाकं मुरडतो, त्या भाषेत सगळ्याच कादंबरीला जे नाव आहे, ते मुळात एका प्रेमात पडलेल्या मुलीचं आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टानं संस्कृतात एक लांबच लांब प्रेमकथा लिहायला घेतली, तिच्या नायिकेचं नाव कादंबरी. बिचारा मधेच वारला, राहिलेलं काम मुलानं पुरं केलं. हिंदी आणि बंगाली मंडळी 'उपन्यास' म्हणतात, गुजराती 'नवलकथा' म्हणतात. आपण आणि शेजारचे कानडी लोक मात्र दुष्काळावरच्या, गिरणीसंपावरच्या, जमीनदारीवरच्या सातशे पानी ग्रंथालाही बाणभट्टाच्या त्या मुलीच्याच नावानं हाक मारतो. आणि मग त्यातल्या त्यात एखादं पुस्तक खरोखरीच प्रेमाचं निघालं, की त्याला 'नुसतीच प्रेमकादंबरी' म्हणून खालच्या फळीवर ढकलतो. बँकेत याला मूळ खातेदारालाच दारात अडवणं म्हणतात.

फडके-खांडेकरांचा वाद शाळेत आम्हाला पाच मार्कांना असे. 'कलेसाठी कला' म्हणजे फडके, 'जीवनासाठी कला' म्हणजे खांडेकर. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके झाले, १९४१ साली सोलापूरचे खांडेकर. म्हणजे संमेलनानं दोन्ही खाती ओळीनं क्लिअर केली. मी मोठेपणी दोघांना शेजारीशेजारी ठेवून वाचलं, तेव्हा ध्यानात आलं, की दोघांच्याही पुस्तकांत माणसं पडतात ती प्रेमातच. फडक्यांची माणसं प्रेमात पडून लग्नाकडं जातात आणि खांडेकरांची माणसं प्रेमात पडून ध्येयाकडं जातात, इतकाच काय तो रस्त्याचा फरक. पण पाच मार्कांच्या त्या उत्तरानं दोन-तीन पिढ्यांचं वाचन ठरवून टाकलं. फडके वाचणारा मुलगा वाया चाललेला आणि खांडेकर वाचणारा मुलगा होतकरू. मला वाटतं फडक्यांवर यात अन्यायच झाला. वाचकाला शेवटच्या पानापर्यंत ओढून नेणं हे कसब आहे, आणि ते कसब कसं कमवावं यावर त्यांनी 'प्रतिभासाधन' नावाचं सबंध पुस्तक लिहिलं. कसबाबद्दल इतकं उघड बोललेलं आपल्याला चालत नाही. प्रतिभा ही कशी, आकाशातून पडली पाहिजे.

पण पुरुषांचं निदान पाच मार्कांत तरी भागलं. बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांचं जे झालं, ते मी आमच्या गावच्या लायब्ररीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

आई आठवड्याला दोन पुस्तकं आणायला मला पाठवत असे. लायब्ररीतल्या सगळ्या पुस्तकांना तपकिरी कागदाचं कव्हर, पाठीवर शाईनं नंबर. ग्रंथालयाच्या दशांश वर्गीकरणात यच्चयावत मराठी कथा-कादंबऱ्यांचा आकडा एकच, ८९१.४६३. त्यात प्रेमाला वेगळा दशांशसुद्धा दिलेला नाही. तेव्हा कागदोपत्री सगळी लोकशाही होती. पण खरं वर्गीकरण ग्रंथपालांच्या तोंडात असे. ते चष्म्यावरून बघत विचारत, "आईला दुपारचं पाहिजे, की वडलांना रात्रीचं?" 'दुपारचं' म्हणजे योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे. 'रात्रीचं' म्हणजे बाकी सगळं वाङ्मय. दुपारच्या पुस्तकांचं कपाट दाराजवळ, चपलांच्या शेजारी होतं. पुस्तकं अशी झिजलेली, की दोरा दिसायचा. रात्रीच्या कपाटातली मात्र कोरी करकरीत, कारण ती बहुतेक रात्री कपाटातच काढत.

आता या यादीतल्या सुमती क्षेत्रमाडे आणि कुसुम अभ्यंकर दोघीही डॉक्टर होत्या. बाई दवाखान्यात काय सांगते आणि नवरा बाहेर गेल्यावर काय सांगते, हे या बायकांनी ऐकलेलं होतं. दुसरेपणाचा संसार, मूल न होणं, नोकरीतल्या सुनेचा पगार कुणाच्या हातात पडायचा, चाळिशीनंतरचा अबोला : हे विषय त्या कपाटात ओळीनं लावलेले होते. यांतलं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ पुस्तकांत शेवटच्या वीस पानांत माणसं अचानक सुधारतात, म्हणजे आमच्याकडं ३१ मार्चला थकलेली कर्जं सुधारतात तशी. पण तेवढ्यावरून सबंध कपाट 'दुपारचं' ठरवायचं, तर मग रात्रीच्या कपाटातले ते सगळे पुरुष नायक, जे दोनशे पानं सिगरेट ओढत आयुष्याचा अर्थ शोधतात आणि शेवटी बसस्टॉपवर उभे राहतात, त्यांचं काय करायचं? त्यांना बस मिळत नाही म्हणून ते वाङ्मय, आणि दुपारच्या बाईला शेवटी घर मिळतं म्हणून ती करमणूक!

दुपारचं आणि रात्रीचं ही वाटणी जुनीच आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात लिहिलं होतं. महाराष्ट्रात गदारोळ झाला. मनातलं खरं आहे की खोटं, यावर झाला असता तर एक वेळ ठीक. तो झाला तो ही बाई कोण आणि मुळात बाई आहे का, यावर. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर, यांना टोपणनावाआड उभं राहूनच ते लिहिता आलं. प्रेमाबद्दल बाईनं खरं सांगायचं तर एकतर नाव बदला, नाहीतर कपाट बदला, असा हिशेब.

खात्याच्या या घोळात सर्वांत वरपर्यंत गेलेले गृहस्थ म्हणजे चंद्रकांत काकोडकर. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२च्या दिवाळीत 'रंभा' मासिकात आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असा मामला. पुण्यात अश्लीलतेची फिर्याद झाली. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं दोषी धरलं आणि पंचवीस रुपये दंड केला. पंचवीस रुपये ही रक्कम मला नेहमी विचारात पाडते. म्हणजे समाज बिघडवल्याचं नुकसान नेमकं केवढ्याचं धरलं होतं? काकोडकर मात्र सुप्रीम कोर्टात गेले. तिथं न्यायमूर्तींनी सुटी वाक्यं न उचलता गोष्ट सबंध तोलली आणि ऑगस्ट १९६९मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. सात वर्षं एका गोष्टीला कुठल्या खात्यावर टाकायचं यात गेली.

पण मला आवडतो तो यानंतरचा भाग. त्याच १९६९च्या डिसेंबरात राज खोसलांचा 'दो रास्ते' लागला. राजेश खन्ना, मुमताज, आणि कुटुंबासाठी झिजणारा थोरला भाऊ बलराज साहनी. ज्या घरांत 'रंभा' गादीखाली ठेवावा लागत असे, त्या घरांतली आजीपासून नातवंडांपर्यंत सगळी मंडळी तो सिनेमा बघायला गेली आणि पदरानं डोळे टिपत परत आली. तो सिनेमा काकोडकरांच्याच 'नीलांबरी' या कादंबरीवरचा. लेखक तोच. लेखणी बहुधा तीच. एका पुस्तकावर 'शृंगारिक' असा शिक्का पडला म्हणून त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या, आणि दुसऱ्यावर 'कौटुंबिक' असा पडला म्हणून त्यासाठी बाल्कनीची तिकिटं. काकोडकरांनी लिहिलेलं ढीगभर आहे. पण आजही त्यांचं नाव काढलं, की माणसं डोळा बारीक करतात आणि 'दो रास्ते'चं नाव काढलं, की हात जोडतात. दोन्ही एकाच माणसाचं, हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. मी सांगून पाहिलं आहे.

आता शिक्क्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळायचा नाही. शिक्का ही वाचकाची सोय असते. दिवसभर काउंटरवर बसून संध्याकाळी लोकलला लोंबकळत घरी आलेल्या बाईला पुस्तकाच्या शेवटी कुणी मरणार नाही अशी लेखी हमी हवी असेल, तर त्यात कमीपणा कसला? विलायतेत मिल्स आणि बून या दोन गृहस्थांनी १९०८ साली काढलेल्या प्रकाशनानं पुढं हीच हमी विकली. त्यांची पुस्तकंही तिकडच्या फिरत्या लायब्रऱ्यांतून तपकिरी बांधणीतच जात. आमच्या ग्रंथपालांना हे कळतं तर त्यांना धन्य वाटलं असतं. अमेरिकेत तर प्रेमकादंबरीकारांची १९८० साली संघटना झाली आणि तिनं व्याख्याच करून टाकली : मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. (त्या संघटनेनं २०२४ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. बँकेतला माणूस असल्यामुळं हे सांगितल्यावाचून राहवलं नाही.) ही व्याख्या लावली तर आमच्या काकांची 'स्वामी' पहिल्या फटक्यात बाद. बाणभट्टाची 'कादंबरी' मात्र पास होते, तीही मुलानं शेवट गोड केला म्हणून. वाचकाला हमी मिळते हे खरं, पण तिचा हप्ता लेखक भरतो. 'प्रेमकथा' असं वर लिहिलं, की शेवट पहिल्या पानावरच ठरला; मग मधल्या तीनशे पानांत माणसांनी काय करायचं? भांडायचं, पण मोडायचं नाही. रुसायचं, पण दमायचं नाही. आणि लग्नानंतर तर काहीच करायचं नाही, कारण तिथं पुस्तक संपतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून खातं 'कौटुंबिक' होतं आणि तिथं प्रेमाला सही करायचा अधिकार नसतो.

शिक्का लेखकाच्या कपाळावर पडला, की तो पुस्तकावर पडल्यापेक्षा वाईट. माझ्यापुरतं सांगतो. मी विनोदी लिहितो, असं दोन-चार दिवाळी अंकांनी परस्पर ठरवलेलं आहे. काही वर्षांपूर्वी मी एक सरळ गोष्ट लिहिली. पेन्शन घ्यायला दरमहा एक तारखेला येणाऱ्या एक बाई आणि त्यांच्यासाठी कोऱ्या नोटा बाजूला काढून ठेवणारा एक विधुर कॅशिअर. दोघं सहा वर्षांत कामापलीकडं एक वाक्य बोलत नाहीत. मग बाईंचा मुलगा त्यांना एटीएमचं कार्ड काढून देतो आणि त्या यायच्या थांबतात. बस्स, एवढीच. संपादकांनी ती 'हास्यकल्लोळ' या विभागात छापली, वर दातपडक्या कॅशिअरचं चित्र. मी फोन केला तर म्हणाले, "अहो, तुमचं नाव विनोदीत बसलंय. जाहिरातदारांना यादी गेली. आता हलवता येत नाही." दिवाळीनंतर पत्रं आली. एका गृहस्थांनी कळवलं, की ती बाई एटीएमपुढं पिन विसरते तिथं ते इतके हसले, की चकली घशात अडकली. ती जागा लिहिताना माझं काय झालं होतं, ते मी त्यांना कळवलं नाही. वुडहाउससाहेबांचंही एक पुस्तक १९१२ साली मिल्स आणि बून यांनीच काढलं होतं, तेव्हा त्या घरातून असे येणारे-जाणारे पूर्वीपासूनच आहेत, एवढं समाधान मी करून घेतलं. आपल्या राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत विनोदाला स्वतंत्र पुरस्कार आहे, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचा. प्रेमकथेला नाही. म्हणजे संपादकांनी माझं भलंच केलं असं म्हणता येईल, आणि ते तसं म्हणालेही.

हल्ली ग्रंथपालांचं काम मोबाइल करतो. आमच्या शाखेत कर्ज विभागात एक बाई आहेत, त्या कथांच्या एका ॲपवर भागाभागानं कादंबरी लिहितात. जेवणाच्या सुट्टीत डबा खात लिहितात. गोष्ट वीस वर्षं लग्न झालेल्या नवरा-बायकोची. त्यांचं आपसात बोलणं म्हणजे गॅस कधी संपला, हप्ता कधी गेला आणि दुधाची पिशवी कुणी आणायची. त्यातून त्यांचं एकमेकांवर काही आहे की नाही हे कळायला सहा भाग जातात. फार चांगलं लिहिलंय, हे मी सहकारी म्हणून नाही, वाचक म्हणून सांगतो. पण ॲपवर गोष्ट चढवताना आधी चौकोनात खूण करावी लागते, की ही कुठल्या प्रकारची. बाईंनी पहिल्यांदा 'कौटुंबिक' वर खूण केली. वाचक विचारू लागले, "सासूला शिक्षा कधी होणार?" गोष्टीत सासूच नाही. मग त्यांनी 'प्रेमकथा' केलं. वाचक दुप्पट झाले आणि विचारू लागले, "हे दोघं महाबळेश्वरला कधी जाणार?" मग चिडून 'सामाजिक' केलं, तर एका गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, की समस्या कोणती ते पहिल्या भागात स्पष्ट झालेलं नाही, कृपया खुलासा व्हावा.

"तुम्हीच सांगा, कुठं टाकू?" त्यांनी मला विचारलं.

ज्या रकमेचं खातं सापडत नाही ती आमच्याकडं सस्पेन्स अकाउंटला टाकतात. मी तसं म्हटलं. "तिथं टाकलं, तर लोक खून कधी होतो म्हणून विचारतील," बाई म्हणाल्या.

महाबळेश्वरवाल्या वाचकांचा जोर वाढला, तेव्हा बाईंनी दहाव्या भागात तिकिटं काढायला घेतली होती. मग रातोरात खोडली. त्यांचं म्हणणं, नवऱ्याची रजाच शिल्लक नव्हती आणि हे कुणी लक्षात घेत नाही. चौदाव्या भागानंतर गोष्ट अडली आहे. गेल्या शनिवारी कॅश जुळल्यावर मी विचारलं, पुढं काय झालं म्हणून. डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "काही नाही हो. दोघं ओट्याशी उभे आहेत. दूध तापत ठेवलंय. तो म्हणतोय तू बघ, ती म्हणतेय तुम्ही बघा, आणि कुणीच तिथून हलत नाहीये."